ताटलीच्या मधोमध घातलेले नाव

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची ताटली आहे. कडेला एक पोचा आहे, तेवढा सोडला तर प्रकृती ठणठणीत.

राजनंदिनीच्या बारशाआधी तिची आई, पद्मजा, मला कसबा पेठेत नाव घालायला घेऊन गेली. "मधोमध घाला," ती म्हणाली. "जेवण संपल्याशिवाय दिसायला नको." कारागिराने चष्म्यावरून पाहिले. "अहो, एवढं लांब नाव ठेवायचं होतं, तर परात आणायचीत." तरी ठोकून ठोकून त्याने पाचही अक्षरे बसवली.

लहानपणी राजनंदिनी वरणभात भराभर संपवायची आणि ओरडायची, "माझं नाव आलं!" मला त्याचा फार अभिमान वाटे.

कॉलेजात गेल्यावर ती जेवण टाळू लागली. वाळत गेली, तरी आरशापुढे उभी राहून "मी जाड आहे" म्हणून रडायची. लग्नकार्यात बायका मात्र म्हणायच्या, "काय छान बारीक झालीस!" एकदा चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे घरच्यांना कळले की हे नखरे नाहीत, आजार आहे. विश्रांतवाडीजवळच्या एका निवासी उपचारकेंद्रात तिला ठेवले. तिच्या पिशवीतून मीही गेले.

तिथल्या समुपदेशक सुनीतीताई रोज तिच्यासमोर बसून स्वतः जेवत. टेबलावर खाण्याविषयी, शरीराविषयी बोलायचे नाही असा नियम होता. म्हणून गाण्याच्या भेंड्या चालत. पहिल्या दिवशी एका घासाला अर्धा तास लागला. तिचे अश्रू माझ्यावर पडत होते आणि मला काहीच करता येत नव्हते. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी ती हळूच म्हणाली, "ताई, माझं नाव आलं." सुनीतीताईंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

त्याच आठवड्यात रविवारी, जेवणाच्या वेळी पद्मजा भेटायला आली. नियम तिला सांगितलेला होता, पण आनंदात भान राहिले नाही. लेकीचे गाल कुरवाळत ती म्हणाली, "अगं बाई, किती छान अंग धरलंयस गं!"

आपल्याकडे आया असेच कौतुक करतात. राजनंदिनीला मात्र ते "जाड झालीस" असेच ऐकू आले आणि तिचा हात माझ्यावरच थांबला. दुसऱ्या दिवसापासून तिने पुन्हा जेवण सोडले आणि घरी जायचा हट्ट धरला. सुनीतीताई नको नको म्हणत होत्या, पण आईचे मन विरघळले. दोन महिन्यांनी उपासाने थकलेले तिचे हृदय बंद पडले. वीस वर्षांची होती हो ती.

सुनीतीताई घरी आल्या. पद्मजाचा हात धरून म्हणाल्या, "एका वाक्यानं कुणी जात नाही. आजारच तसा आहे."

मित्रांनो, तुमच्यातले कुणी जेवण टाळत असेल तर त्याला हसू नका, मोठ्यांना सांगा. कुणी बरे होऊन आले तर त्याच्या अंगाविषयी चांगलेही बोलू नका. "तू आलास, बरं वाटलं," एवढेच म्हणा आणि शेजारी जेवायला बसा.

पद्मजा मला रोज घासते, पुसते आणि ओट्यावर ठेवते. माझ्यात आता कुणी काही वाढत नाही. त्यामुळे नाव दिवसभर दिसते.