कपाटामागची भिंत

इंद्रजीतने सगळं घर मोबाइल समोर धरूनच पाहिलं. चाळिशीतला माणूस, यवतला हायवेवर त्याचं प्लॉट विकायचं ऑफिस. केडगावातली जुनी घरंही तोच विकून द्यायचा. स्टेशनवरून पाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या तीन खोल्यांतून तो मागेपुढे फिरला आणि ओट्यापाशी येऊन थांबला.

"ताई, चार गोष्टी करा, पहिल्याच गिऱ्हाइकाला पसंत पडंल. माळ्यावरची पोती खाली काढून द्या कुणाला तरी. रंगाचा एक हात मारा, फिका. पडदे लावा. आन्..." तो घुटमळला. "आईंचा फोटो. हार घातलेला फोटो दिसला की माणसं इचारत्यात, इथंच गेल्या का, कशानं गेल्या."

"इथेच गेली," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"व्हय, पण ते आपण व्हऊन कशाला सांगायचं?"

ओसरीवर तिचे वडील, आप्पा, अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. पण अडकित्ता थांबला, हे ज्ञानेश्वरीला ऐकू आलं.

आई मार्गशीर्षात गेली. त्यानंतर दोन महिन्यांनी आप्पा न्हाणीत पाय घसरून पडले आणि दूधवाला येईपर्यंत दोन तास तसेच पडून राहिले. तो म्हणाला, "हाका मारल्या नाहीत होय आप्पा?" तर हे म्हणाले, "कुणाला मारायच्या?" दूधवाल्याने ते फोनवर सांगितलं तेव्हा ज्ञानेश्वरी पुण्यात कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेल्या पुस्तकांचा ढीग लावत होती. त्या दिवसापासून शहात्तर वर्षांच्या या माणसाला पुण्याला कसं न्यायचं, एवढा एकच विषय तिच्या डोक्यात होता.

आप्पा यायला नाही म्हणत नव्हते. त्यांची अट होती. "कुलूप लावून येनार न्हाई. ह्या घरात कुणीतरी चूल पेटवणारं बघ, त्याच्या हातात किल्ली देतो, आन् त्याच दिवशी तुझ्याबरबर निघतो. तवर न्हाई." गावातली कुलपं लावलेली घरं त्यांनी पाहिली होती. त्यातल्या काहींची दारं वाळवीने खाल्ली होती, आणि कुलपं मात्र शाबूत होती.

म्हणजे घर विकलं गेलं तर आप्पा सुटणार होते, नाहीतर पुढच्या वेळी दूधवाला उशिरा आला तर काय, हे डोक्यात घेऊन तिला रोज झोपायचं होतं.

तिने पंधरा दिवसांची रजा टाकली. पोती काढली. पोत्यांच्या मागे आईने जपून ठेवलेल्या बरण्या निघाल्या, झाकणं नसलेल्या अकरा बरण्या आणि बरण्या नसलेली सात झाकणं. ती माळ्यावरच बसून हसली आणि मग बराच वेळ खाली उतरली नाही. रंगारी बोलावला. फोटो स्वतःच्या हाताने उतरवला, आईच्या जुन्या इरकलीत गुंडाळला आणि लोखंडी कपाटात ठेवला. शेवटी ते कपाट माजघरातून सरकवत नेऊन स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या भिंतीला लावलं.

ती भिंत हाच घराचा खरा दोष होता. पाटाला पाणी सुटलं की दोन दिवसांत तिच्या खालच्या अंगाला ओल यायची आणि आवर्तन संपून पाट बंद झाला की हळूहळू वाळायची. गवंडी बघून गेले, सिमेंट मारून झालं. जमिनीखालून कुठून पाणी येतं ते कुणालाच सापडलं नाही. आईने मग ते शोधायचं सोडून दिलं. सकाळी चहाला आधण ठेवलं की ती डावा तळवा त्या भिंतीला लावून उभी राहायची. एखाद्या दिवशी ओसरीकडे तोंड करून ओरडायची, "अवो, पाणी सुटलं!" पाटकरी सायकलवरून सांगत यायचा त्याच्या आधी. शाळेत असताना ज्ञानेश्वरीला वाटायचं, सगळ्यांच्याच आया भिंतीला हात लावून चहा करतात.

रंगाऱ्याने पुट्टी भरून भिंत अशी गुळगुळीत केली की काही कळू नये. त्यावर कपाट. ती दोन पावलं मागे सरून बघत असताना आप्पा दारात येऊन उभे राहिले.

"कपाट हितं?"

"इथे बरं दिसतं, आप्पा."

आप्पा चाळीस वर्षं गुळवे होते. या भागातल्या गुऱ्हाळांवर काहिलीतला रस कधी उतरवायचा हे त्यांच्या नजरेवर ठरायचं. बाजारात बोली लागायच्या आधी ते एक करायचे. काहिलीच्या गुळातली सगळ्यात काळी ढेप स्वतः निवडायचे आणि व्यापाऱ्यासमोर कोयत्याच्या पाठीने फोडायचे. मालक चिडायचे. आप्पा म्हणायचे, "ही बघून घेनार असशील तर बाकीच्या बघायचं कारन न्हाई." त्यांना ज्ञानेश्वरी पुरती ओळखून होती. म्हणून गिऱ्हाईक यायच्या दिवशी सकाळी तिने त्यांच्यापुढे हातच जोडले.

"आप्पा, आज तुम्ही काही बोलायचं नाही. माझ्यासाठी."

"एक शब्द बोलनार न्हाई," आप्पा म्हणाले. तिला तेव्हाच संशय यायला हवा होता.

दहाच्या सुमाराला इंद्रजीत सायली आणि तिच्या सासूला घेऊन आला. सायली दौंडच्या एका दवाखान्यात नर्स होती. नवरा कुरकुंभला कंपनीत. दोघांना जाण्यायेण्याला केडगाव सोयीचं. सासू धुरपदाबाई पाटसच्या पुढच्या गावातून खास घर बघायला आल्या होत्या, पण आल्या आल्या त्यांनी घराआधी पाटाची चौकशी केली.

"हितनं पाट किती लांब? कोरडाच हाय न्हवं अजून? उद्या सुटतंय, परवा सुटतंय, आठ दिस झालं ऐकतोय. आमचा ऊस पार माना टाकून बसलाय. पानी रात्री-अपरात्री येतंय आन् आमी मोटर जोडूस्तवर वरचं लोक वढून घेत्यात."

"आत्या, घर बघा की," सायली हळूच म्हणाली.

"बघतीय की. डोळं घरावर हायेत, तोंड मोकळं हाय."

त्यांनी घर खरंच बघितलं. न्हाणीत तांब्याभर पाणी ओतून उतार बघितला. खिडक्या उघडून लावून बघितल्या. पडद्याला हात पुसून म्हणाल्या, "ह्यो कालच लावलेला दिसतोय." इंद्रजीत खोकला. आप्पा भिंतीला धरून, ओठ घट्ट मिटून, सगळ्यांच्या मागून हिंडत होते.

स्वयंपाकघरात येताच धुरपदाबाईंनी सरळ कपाट उघडलं.

"ह्ये घराबरबर मिळनार का?" म्हणता म्हणता त्यांच्या हाताला इरकल लागली, आणि पदर बाजूला होऊन आई बाहेर बघू लागली. सुकलेला हार अजून तसाच होता.

धुरपदाबाईंनी फोटो दोन्ही हातांनी बाहेर काढला.

"घरधनीन ना ही? आन् हिला कोंडून ठेवलीय व्हय?"

ज्ञानेश्वरीचा चेहरा तापला. कारणं तिच्यापाशी होती, सगळी इंद्रजीतने दिलेली. त्यातलं एकही या बाईसमोर उभं राहिलं नसतं. धुरपदाबाईंनी फोटो ओट्यावर, डब्यांना टेकवून ठेवला, कुंकवावरची धूळ बोटाने पुसली आणि म्हणाल्या, "हं. आता बघू दे सैपाकघर."

तेवढ्यात आप्पांनी कपाटाला खांदा लावला.

"आप्पा!" ज्ञानेश्वरी ओरडली.

आप्पांनी एक बोट ओठांवर ठेवून तिला दाखवलं. शब्द पाळलाय, असं. आणि पुन्हा रेटा दिला.

"थांबा की वो, एकल्यानं नका," म्हणत धुरपदाबाईंनी पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूने हात लावला. कपाट करकरत बाजूला सरकलं.

मागे आठवडाभरापूर्वीची पुट्टी फुगून आली होती. जमिनीपासून कमरेच्या उंचीपर्यंत भिंत गडद झाली होती आणि वरच्या कडेला पाण्याची बारीक नक्षी चढत होती.

"पुट्टी हाय, नवी," इंद्रजीत घाईने म्हणाला. "ओली हाय अजून, दोन दिसात वाळंल. व्हय की न्हाई, ताई?"

सगळे तिच्याकडे बघत होते. नुसती मान हलवायची होती. आप्पा बोलणार नव्हते, त्यांनी शब्द दिला होता. मान हलवली की महिन्याभरात ते तिच्याजवळ असते, न्हाणीत घसरणार नाही अशी फरशी, दाराला आतून कडी नाही. तिने भिंतीकडे पाहिलं. मग पुढे झाली आणि डावा तळवा तिला लावला. गार होती. या गारव्याची आठवण तिच्या हातात नव्हतीच. आईच्या हाताने चहाचा कप दिला की त्या बोटांत तो असायचा.

"नाही," ती म्हणाली. "पुट्टी नाही. पाटाला पाणी सुटलं की ही भिंत ओली होते. दर वेळी. आम्हाला कधी दुरुस्त करता आली नाही. मीच कपाट लावलं होतं."

इंद्रजीतने डोळे मिटून घेतले. सायली वाकून भिंत निरखत म्हणाली, "आत्या, ही ओल चांगली नाही, बुरशी धरते. लहान मूल घरात आलं तर—"

पण धुरपदाबाई दुसऱ्याच गोष्टीला लागल्या होत्या. "म्हंजी... पानी सुटलंय?"

"परवा सुटलं असणार," ज्ञानेश्वरी म्हणाली. "आईची भिंत कधी चुकली नाही."

पुढच्या क्षणी धुरपदाबाई कमरेचा फोन काढून ओसरीवर होत्या आणि त्यांचा आवाज स्टेशनपर्यंत जात असावा. "आरं, कोन म्हनतंय कोरडाय? भित वली झालीय हितं! तू आधी मोटरीवर जा, मंग मला शानपना शिकव!"

त्या काही न ठरवताच निघून गेल्या. सायलीने जाताना नर्सच्या पद्धतीने आप्पांच्या पायाची, पडल्यापासूनची सूज बघितली आणि मिठाच्या पाण्यात बुडवायला सांगितलं. इंद्रजीत गाडी सुरू करताना एवढंच म्हणाला, "ताई, तुमच्यात आन् आप्पात काय बी फरक न्हाई." हे कौतुक नव्हतं. दोघं बापलेक पायरीवर बसून राहिली. फोटो ओट्यावरच होता, तो कुणी उचलला नाही.

"रागावलीस?" आप्पांनी विचारलं. सकाळी कबूल केल्यापासूनचा त्यांचा पहिला शब्द.

"काळी ढेप फोडलीत तुम्ही."

"मी नुसती पुढं ठेवली," आप्पा म्हणाले. "फोडलीस तू."

चौथ्या दिवशी धुरपदाबाईंचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "आलं बगा पानी! सगळ्यांच्या आधी मोटर जोडून आमी तयार! पोरगा सुनंला म्हनतोय, ते घर घ्यायचंच. सायलीचं म्हननं, तिथं भांडी ठेवायची न्हाईत, पंखा बसवायचा आन् पाळना पुढच्या खोलीत. घ्या, झालं तिचं समाधान. आता एक इचारायचंय. हात नेमका कुठं लावायचा? खाली का वर?"

ज्ञानेश्वरीने फोन आप्पांच्या हातात दिला आणि ती आत गेली. आप्पा कितीतरी वेळ सांगत होते. कमरेच्या उंचीला, डावा हात, चहाला उकळी यायच्या आत.

जायच्या दिवशी तिने शेवटचा चहा केला. आवर्तन संपलं होतं, भिंत वाळत आली होती. आईचा फोटो नव्या हारासकट पिशवीत सगळ्यात वर ठेवला होता. सायलीच्या हातात किल्ली देऊन आप्पा रिक्षात बसले. स्टेशन दिसू लागलं.

"तुझ्या पुन्याच्या भिंतीस्नी काय कळतं का?" त्यांनी अचानक विचारलं.

ज्ञानेश्वरीने विचार केला. "वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केला तर कळतं."

आप्पा खांदे हलवत हसले. "बरं," ते म्हणाले. "सुरुवात म्हनून वाईट न्हाई."