पाणी येत नाही

मशीन पुन्हा थांबलं तेव्हा जयमाला भाकरी थापत होती. बीप वाजायला लागले तशी ती पिठाच्या हातांनीच ड्राय बाल्कनीत गेली. छोट्या लाल पडद्यावर तीच अक्षरं लुकलुकत होती. ई वन. आत नंदकुमारांच्या दोन चादरी, लुंगी आणि रबरी कापडावर अंथरायचं जाड सुती दुपटं वीतभर पाण्यात पडलं होतं. वास सुटायला लागला होता. तिने मशीनवर जोरात थापट मारली. पत्र्यावर पिठाचा पंजा उमटला आणि बीप चालूच राहिले.

ई वनचा अर्थ तिला पाठ होता. झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर तो लिहिलेला होता. ठरलेल्या वेळात पुरेसं पाणी आत आलं नाही. नळ उघडा आहे का पाहा, पाईप दुमडला आहे का पाहा, पाईपच्या तोंडाची जाळी साफ करा. नळ उघडाच होता. पाईप सरळ होता. जाळी तिने जुन्या टूथब्रशने इतक्या वेळा घासली होती की ती नव्यासारखी चमकत होती.

जयमाला पहिल्यापासूनच तापट. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा राग घालवायचं काम नंदकुमारांकडे होतं. ते शांतपणे काहीतरी तिरकस बोलायचे आणि तिला हसू फुटायचं. डिलाईल रोडची खोली विकून दोघं करंजाडेला या सातमजली इमारतीत सहाव्या मजल्यावर राहायला आली, आणि वर्षभरातच नंदकुमारांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं. बोलणं तोंडातल्या तोंडात राहायला लागलं. डायपरने मांड्या सोलवटल्या, म्हणून डॉक्टरांनी तो शक्यतो टाळायला सांगितलं. त्यामुळे रोज सकाळी बादलीभर कपडे निघायचे, आणि ते धुतल्याशिवाय घरात उभं राहवत नसे.

कस्टमर केअरला फोन लावला की आधी गाणं ऐकावं लागे. मग एखादी मुलगी गोड आवाजात विचारायची, मॅडम, नळ चालू आहे का. जयमाला म्हणायची, चालू आहे. मुलगी विचारायची, पूर्ण चालू आहे का. शेवटी दुपारी नावड्याहून कुंदन नावाचा मेकॅनिक आला. त्याने मशीन लावलं आणि मशीन शहाण्यासारखं चाललं. पाणी भरलं, फिरलं, निचरलं.

"काकी, मशीन बरोबर हाय," तो म्हणाला. "तुमी लोड जास्त टाकता."

लोडचा आणि पाण्याचा काय संबंध, असं तिने विचारलं. हा कोड पाण्याचा आहे, कपड्यांचा नाही. कुंदन हसला आणि म्हणाला की बायकांना कपडे कोंबायची सवयच असते. तो गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ई वन आला. पुढच्या खेपेला, तीही दुपारीच, त्याने पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह बदलला. त्यानंतरही सकाळी ई वन आला.

मुलगा प्रसाद हैदराबादला. व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला की आई, तू बटणं घाईत दाबतेस. मग म्हणाला, नवीन मशीन पाठवतो.

"मला नवीन मशीन नकोय," जयमाला म्हणाली. "हे का थांबतं ते मला कळायला हवंय. आणि मी बटणं नीट दाबते."

तिने फोन ठेवला. नळाची धार बारीक होती हे तिला दिसत होतं, पण करंजाड्यात पाण्याची रड कुणाला नव्हती? लिफ्टमध्ये, गेटवर, भाजीवाल्याकडे सगळे तेच बोलायचे. त्यामुळे धार बारीक असण्यात तिला काही वावगं वाटलं नाही.

या सगळ्यात तिच्या मदतीला आली ती सुनयना. सुनयना आणि तिचा नवरा सुयश डोक्यावरच्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत. ती घरूनच लॅपटॉपवर काम करायची. एका सकाळी बीप ऐकून ती खाली आली, चादरींकडे पाहिलं आणि काही न विचारता बादली उचलली. जयमाला संकोचली. असले कपडे दुसऱ्याच्या मशीनमध्ये कसे टाकायचे? सुनयना म्हणाली, काकू, माझे बाबाही असेच होते शेवटी, मला काही वाटत नाही. दुपारी चादरी वाळून, घड्या घालून परत आल्या. त्यांना मंद सुगंध येत होता.

मग तो नेमच पडला. मशीन अडलं की सुनयना बादली वर न्यायची. जयमाला तिला घावणे करून पाठवायची, सोलकढी द्यायची. नंदकुमारांनाही ती आवडायची. ती आली की त्यांचा डावा हात वर उठायचा.

पण दुसऱ्याच्या हातात रोज आपल्या नवऱ्याची घाण द्यायची, हे जयमालाच्या घशाखाली उतरत नव्हतं. चिडचिड कुठे काढायची तेही कळत नव्हतं. ती मशीनवर निघाली, कुंदनवर निघाली, प्रसादवर निघाली, आणि एका सकाळी नंदकुमारांवर निघाली. नुकतीच बदललेली चादर पुन्हा ओली झाली होती आणि मशीन आदल्या कपड्यांवर अडून बसलं होतं.

"अहो, निदान हात तरी हलवायचा आधी," ती ओरडली. "किती धुऊ मी? किती जणांच्या दारात नेऊ?"

नंदकुमारांनी मान भिंतीकडे वळवली. ती तशीच बाल्कनीत गेली आणि बादलीत हाताने चादर आपटत राहिली.

त्यानंतर चादरी कमी भिजायला लागल्या. जयमालाला बरंच वाटलं. पाण्याचा पेला तोंडाशी नेला की ते एक घोट घ्यायचे आणि ओठ मिटायचे. तहान लागत नसेल, असं तिने धरलं. मग एका दुपारी त्यांचं अंग तापलं, ते थरथर कापायला लागले, ती हाक मारत होती तरी ओळख दाखवेनात. सुयश घरी होता. त्यानेच त्यांना उचलून गाडीत घातलं आणि खांदेश्वरच्या हॉस्पिटलमध्ये नेलं.

लघवीचं इन्फेक्शन रक्तात चढलं होतं. तरुण डॉक्टरीण कागदावरून नजर न काढता विचारत होती, पाणी किती पितात? जयमाला सांगू लागली की पितात, मी देते ना. मग ती थांबली. पेल्यावर मिटलेले ते ओठ तिच्या डोळ्यांपुढे आले. डॉक्टरीण म्हणाली, अशा पेशंटना वाटतं आपल्यामुळे घरच्यांना त्रास होतो, मग ते पाणी तोडतात. लक्ष ठेवायला हवं होतं.

जयमाला उठली. बाहेरच्या बाकावर येऊन बसली. तिला रडू येत नव्हतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं, आणि तितकंच घरी जाऊन ते मशीन गॅलरीतून खाली ढकलून द्यावंसं वाटत होतं.

नंदकुमार वाचले. अशक्त होऊन घरी आले. जयमाला आता दर थोड्या वेळाने पेला घेऊन बसायची, आणि प्यायल्याशिवाय उठायची नाही. "भिजू दे चादर," ती म्हणायची. "शंभर भिजू देत." ते प्यायचे, पण डोळे तिच्यावर ठेवून, तिला खरंच चालतंय का याचा अंदाज घेत.

त्याच सुमाराला सुनयना आणि सुयश लग्नाला गावी गेले, चिपळूणजवळ. जाताना सुनयनाने पुन्हा पुन्हा विचारलं, काकू, कपड्यांचं कसं करणार? जयमाला म्हणाली, बघू. आणि ते गेले त्या सकाळी मशीन सुरळीत चाललं. दुसऱ्या दिवशीही चाललं. ती बाल्कनीत स्टूल टाकून बसली आणि आत पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत राहिली. भरभर, जाड धारेने पाणी पडत होतं. न्हाणीतल्या नळालाही धार होती. ते दोघं गावी होते तोवर ई वन एकदाही आला नाही. तिला वाटलं, बदललेला व्हॉल्व्ह आता रुळला असेल. कुंदनला आपण उगाच बोललो असंही वाटलं.

ते परतले त्याच्या दुसऱ्या सकाळी सुनयना हसत दारात उभी राहिली आणि सवयीने बादली घेऊन गेली. जयमाला नको म्हणेपर्यंत ती लिफ्टमध्ये शिरलीही होती. मग जयमालाने आपल्या साड्या आणि टॉवेल मशीनमध्ये टाकले. पाणी सुरू झालं, चांगलं जोरात. ती वळणार तोच धार बारीक झाली. इतकी बारीक, की करंगळीएवढी. आणि डक्टमधून, जिथून सगळ्या मजल्यांचे पाईप खाली उतरतात तिथून, घरघर ऐकू यायला लागली.

तिने डक्टच्या खिडकीला कान लावला. घरघर वरून येत होती. काही वेळाने ती थांबली, आणि तिच्या मशीनमधली धार पुन्हा जाड झाली. पुन्हा घरघर, पुन्हा करंगळी. मशीनने बीप दिला. ई वन.

जयमाला पडद्याकडे बघत उभी राहिली. मशीन कधीच बिघडलेलं नव्हतं. ते पहिल्या दिवसापासून खरं तेच सांगत होतं, पाणी येत नाही. पाणी का येत नाही, हे मात्र कुणी बघायला गेलं नव्हतं. तीही नाही.

ती जिन्याने वर गेली. लिफ्टची वाट बघणं तिला शक्य नव्हतं. सुनयनाने दार उघडलं, ती काही बोलायच्या आत जयमाला तिला ओलांडून थेट ड्राय बाल्कनीत पोहोचली. खाली कोपऱ्यात निळा पंप होता, नळाच्या लाईनवरच बसवलेला, घरघरत. शेजारी सुनयनाचं मशीन होतं, समोरून काचेचं दार असलेलं. त्या काचेआड नंदकुमारांची निळ्या चौकड्यांची चादर भरपूर पाण्यात गरागरा फिरत होती.

"हा कधी बसवला?" जयमालाने विचारलं.

सुनयनाचा चेहरा उतरला. दिवाळीनंतर, ती म्हणाली. जयमालाच्या मशीनला पहिल्यांदा ई वन आला तोही दिवाळीनंतरच. सुनयना सांगू लागली की शेवटच्या मजल्याला टाकी अगदी डोक्यावर असल्यामुळे प्रेशरच मिळत नाही, शॉवर चालत नाही, मशीन भरत नाही, सगळ्या इमारतींत वरचे लोक पंप लावतात. आवाज ऐकून सुयशही आतून आला.

"बसवणाऱ्याने सांगितलं नव्हतं का, खालच्यांचं पाणी तुटेल म्हणून?"

सुयश म्हणाला, थोडं कमी येईल असं तो म्हणाला होता. थोडंच, तेही सकाळी आम्ही पंप लावतो तेवढ्यापुरतं.

"आणि माझं मशीन रोज थांबतंय, हे तुम्हाला दिसत नव्हतं?"

पंप घरघरत होता. मग सुनयना हळू आवाजात म्हणाली, "म्हणून तर मी कपडे नेत होते, काकू."

जयमालाला आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा ते घावणे, ती सोलकढी, दर वेळी मान खाली घालून म्हटलेलं तुझे फार उपकार आहेत गं, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. तिला वाटलं, समोरची काच फोडावी आणि ती चादर ओढून काढावी.

"माझं पाणी घेऊन तू माझ्या नवऱ्याची चादर धूत होतीस," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, याचं तिलाच नवल वाटलं. "आणि मी तुझ्या पाया पडायची बाकी होते. त्या माणसाने पाणी प्यायचं सोडलं, सुनयना. चादर धुवायला लागू नये म्हणून. मी त्यांना टाकून बोलले. ते माझं मी निस्तरेन. पण तुला माहीत होतं."

सुयश मध्ये पडला. हॉस्पिटलला मीच नेलं ना, असं काहीसं तो म्हणाला. जयमालाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं वाक्य अर्धवट राहिलं. मग तो म्हणाला की हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलू, टेन्शन घेऊ नका, काहीतरी मार्ग काढू.

"मीटिंग तुम्ही घ्या. मी इथे उभी आहे. पंप बंद होईपर्यंत."

आणि ती खरंच उभी राहिली, कठड्याला टेकून, हाताची घडी घालून. सुयशने फोन काढला, खिशात ठेवला, पुन्हा काढला. सुनयना रडायला लागली. शेवटी तिनेच वाकून प्लग ओढला. घरघर थांबली. काचेआडची चादर अजून फिरत होती. जयमालाने मशीन बंद करून त्यातलं पाणी सोडायला लावलं, दार उघडल्यावर साबणासकट चादरी काढून बादलीत भरल्या आणि पाण्याची धार जिन्यावर सांडत खाली आली.

संध्याकाळी सोसायटीच्या प्लंबरने पंप काढून नेला. सेक्रेटरीने टाकीवर सगळ्यांसाठी एकच मोठा पंप बसवायचा विषय काढला, आणि तो पुढे महिनाभर नुसता चर्चेत राहिला. तोवर वरच्या मजल्यावरची धार पुन्हा बारीक झाली असणार. जयमालाने विचारायला जायचा प्रश्न नव्हता.

नंदकुमारांनी मात्र विचारलं. दाराकडे बोट करून, तोंड वेडंवाकडं करत, ती येत नाही का, अशा अर्थाचं काहीतरी. जयमालाने त्यांच्यापाशी बसून सगळं सांगितलं, त्या सकाळी आपण ओरडलो तेही, त्यातलं काही वगळलं नाही. त्यांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग काहीतरी पुटपुटले. तिला दोनदा विचारावं लागलं. ते म्हणत होते, कुंदनला फोन कर, म्हणावं बायका कपडे कोंबत नाहीत. तिला हसू आलं, पण राग तिथेच राहिला.

एक दिवस सुनयना दारात आली. रिकामी बादली घेऊन, काही मदत हवी का विचारायला. जयमालाने नको म्हटलं आणि दार लावून घेतलं.

पुढे कधीतरी दोघी लिफ्टमध्ये समोरासमोर आल्या. जयमाला औषधं आणायला निघाली होती. सुनयना कोपऱ्यात सरकून उभी राहिली. तळमजला येत आला तेव्हा तिने खालमानेने विचारलं, "अजून राग आहे का, काकू?"

"हो," जयमाला म्हणाली. "जाईल तेव्हा सांगेन."

दार उघडलं. दोघी बाहेर पडल्या आणि आपापल्या दिशेने चालू लागल्या.