कोपऱ्यापासून ढकलत

बंगळुरूच्या जयनगरातल्या सकवारबाईंना दोन गोष्टींचा मनस्वी राग होता: पातळ सांबार आणि फटफटत जाणारे बुलेटवाले. खोली भाड्याने देताना त्यांनी अभिराजला बजावलंच होतं, "आवाजाची गाडी दारात आली, की तुझी पेटी रस्त्यावर."

अभिराज कोल्हापूरचा. बुलेटच्या आवाजापायी आधीची दोन घरं सुटलेली. हे तिसरं, घरमालकीणही मराठी म्हणून, मराठी बोलण्यावर मिळालेलं. कंपनीचा साधा सायलेन्सर पलंगाखाली पडून होता, पण गड्याचा जीव फटाका सायलेन्सरवर. मग त्याने युक्ती काढली. कोपऱ्यावर इंजिन बंद करायचं आणि दारापर्यंत गाडी ढकलत आणायची. सकाळी तशीच ढकलत न्यायची.

घामाघूम पोरगा बघून सकवारबाईंना दया यायची. "रोज बिघडते रे बिचाऱ्याची," म्हणत त्या कॉफीचा पेला पुढे करायच्या. अभिराज कॉफी प्यायचा आणि मान खाली घालायचा.

रविवारी तो खाली उतरला, तर पुरुषोत्तम मेस्त्री बुलेटपाशी बसलेला. गाडी दुरुस्त करायला सकवारबाईंनीच बोलावला होता. किल्ली नेमकी गाडीलाच राहिलेली. अभिराज "नको, नको" म्हणेपर्यंत मेस्त्रीने किक मारलीसुद्धा.

गल्ली हादरली. समोरच्या हयवदनरावांच्या हातचा पेपर गळून पडला.

"साकु, साकु! पुरे, बंद कर!" सकवारबाई कानांवर हात ठेवून ओरडल्या.

"गाडी ठणठणीत आहे, अक्का," मेस्त्री म्हणाला.

अभिराजला आपली पेटी रस्त्यावर दिसू लागली.

"म्हणजे कधी बिघडलीच नव्हती?" सकवारबाईंनी त्याला विचारलं.

"नाही, अक्का. खोली जाईल म्हणून ढकलत होतो."

"पावसात पण?"

"हो."

सकवारबाई पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "जन्म गेला या गल्लीत. आमच्या कानांसाठी गाडी बंद करणारा तू पहिलाच. भीतीनं का होईना. बुलेटवाल्यांत पण माणसं असतात म्हणायची!" मग मेस्त्रीकडे वळल्या, "अण्णा, ते नळकांडं आधी काढ."

अभिराज धावत जाऊन पलंगाखालचा सायलेन्सर घेऊन आला. "आणि खोली, अक्का?"

"खोली कुठं पळतीय? उद्यापासून गाडीवर बसून ये."

अभिराजचा जीव भांड्यात पडला. तो तिथेच पायरीवर बसला.

सोमवारी संध्याकाळी तो खरंच बसून आला. सकवारबाई कॉफी घेऊन आत स्वयंपाकघरात कोपऱ्याच्या दिशेनं कान लावून उभ्या होत्या. गाडी दारात येऊन थांबली तरी त्यांना पत्ता नव्हता, इतकी ती गुपचूप आली.