कोटाआडची शेवटची ओळ

मित्रांनो, चष्म्याच्या दुकानात खुर्चीवर बसवून, एक डोळा झाकायला लावून, ज्याच्याकडे बघत ‘वाच’ असे सांगतात, तो जुना तक्ता मी आहे. माझ्या अंगावर आठ ओळी आहेत. सर्वांत वरचे अक्षर तळहाताएवढे, तर शेवटच्या ओळीतली अक्षरे वाटाण्याएवढी. आयुष्यभर लोकांनी मला वीस फुटांवरून, डोळे बारीक करून आणि कपाळाला आठ्या घालून पाहिले. त्यामुळे माझ्याविषयी कोणाला जिव्हाळा वाटला नाही, याचे मला नवल वाटत नाही.

माझा जन्म एका छोट्या छापखान्यातला. जाड पुठ्ठा, कडेने कापडी पट्टी, वर टांगण्यासाठी पितळी कडी. छापखान्याचा मालक काटेकोर होता. त्याने माझ्या पाठीवरही आठ ओळी छापल्या, मात्र अक्षरे निराळी घेतली, आणि तळाशी बारीक टाइपात एक सूचना घातली: ‘दर तपासणीस बाजू बदलावी.’ मित्रांनो, ही सूचना ध्यानात असू द्या. ज्या गृहस्थाने मला विकत घेतले, त्याचा सारा उद्योग लोकांकडून बारीक अक्षरे वाचून घेण्याचा होता. एवढी एक ओळ सोडून त्याने सगळे वाचले असावे.

हा चष्मेवाला माणूस वाईट नव्हता. त्याचा हात हलका होता, बोलणे गोड होते. लांबट दुकानाच्या टोकाच्या भिंतीवर, कपड्यांच्या खुंटीशेजारी, त्याने मला टांगले. हातात वेताची छडी घेऊन तो एकेका ओळीवर टेकवी आणि माणसे वाचत. कित्येकांना माझ्यामुळे पहिल्यांदा झाडाची पाने सुटी सुटी दिसली. ते माझे चांगले दिवस होते.

मग ती मुलगी आली. पहिल्या खेपेला ती नऊ वर्षांची होती आणि नंबर होता उणे साडेपाच. वर्षभराने तो उणे सात झाला. त्या दिवशी तिच्यासोबत आई आणि आत्या होत्या.

‘सात?’ आई म्हणाली. ‘अहो, रोज गाजरं खायला घालते मी तिला!’

‘मी केव्हाची सांगतेय वहिनी, ती पुस्तकं आधी माळ्यावर टाका,’ आत्या म्हणाली. ‘वाचते कसली, हुंगते नुसती!’

आईने आवाज खाली आणला. ‘असाच वाढत गेला, तर शेवटी... दिसायचंच बंद होतं का हो?’

ज्याला कमी दिसते त्याला कमी ऐकूही येते, असा मोठ्या माणसांचा एक समज आहे. मुलगी दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसली होती. तिने मान खाली घातली.

चष्मेवाल्याला उत्तर ठाऊक होते. अंगाबरोबर डोळ्याचा गोळाही वाढतो, हिचा जरा जास्त लांबट वाढतो आहे, आणि यात हिचा काडीचाही दोष नाही. नंबर मोठा म्हणजे आंधळेपण नव्हे. मात्र अशा डोळ्याचा मागचा पडदा ताणलेला असतो, म्हणून वर्षातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडून तो तपासून घ्यावा. आणि डोळ्यात वीज चमकल्यासारखे वाटले किंवा काळे ठिपके एकाएकी तरंगू लागले, तर त्याच दिवशी धावत यावे. एवढे सांगायला दोन मिनिटे पुरली असती. त्याने ती दोन मिनिटे वाचवली.

‘काही होत नाही हो!’ तो हसत म्हणाला. ‘काय गं ढापणे, पुढच्या वर्षी नंबर वाढला ना, तर कान धरून उभी करीन हं!’

सगळे हसले. मुलगीही हसली. शिक्षा ऐकवल्यावर हसणाऱ्या माणसाकडे नीट पाहावे, हे शहाणपण मला फार उशिरा आले.

पुढच्या वर्षी आई काउंटरवर बोलत उभी असताना ती एकटीच माझ्यापाशी आली. तिने चष्मा काढला आणि नाक जवळजवळ मला टेकवले. मित्रांनो, अशा डोळ्यांना लांबचे दिसत नाही, पण वीतभराच्या आत ते इतके स्पष्ट पाहतात, की माझ्या पुठ्ठ्याचे तंतूसुद्धा तिला दिसत असतील. तिचा ऊन श्वास माझ्या शेवटच्या ओळीवर येत होता. ओठ हलत होते. इतक्या जवळून, इतक्या मन लावून मला कोणी कधीच वाचले नव्हते. मी फुशारून गेलो. हिला मी आवडतो, असे मला वाटले! माझ्या साऱ्या आयुष्यातली ही सर्वांत लाजिरवाणी चूक आहे.

ती मला पाठ करत होती.

खुर्चीवर बसून तिने आठही ओळी घडाघडा म्हटल्या. चष्मेवाल्याच्या खणात एक यंत्र होते. डोळ्यात उजेड टाकून, पेशंटला काहीही न विचारता, त्याने नंबर काढता येतो. पण पोरगी इतकी छान वाचते आहे म्हटल्यावर खण उघडण्याचे कष्ट कोण घेणार?

‘थांबला की हो नंबर!’ तो म्हणाला. आईचे डोळे भरून आले. तिने भर दुकानात मुलीच्या गालांवरून हात फिरवला. ‘शहाणं माझं बाळ ते!’ मुलीचा चेहरा मी समोरून पाहत होतो. त्या शाबासकीपायी ती पुढच्या वर्षीही खोटे बोलणार, हे त्यावर माझ्या पहिल्या अक्षराएवढे ठळक लिहिलेले होते.

पुढच्या वर्षीही तिने सगळे म्हटले. त्याही वर्षी नंबर ‘थांबला’.

ती तेरा वर्षांची असतानाची खेप मात्र माझ्या पुठ्ठ्यात कायमची रुतून बसली आहे. दिवस थंडीचे होते. चष्मेवाल्याने आपला जाड कोट शेजारच्या खुंटीवर टांगला होता आणि त्याची एक बाही माझ्यावर आडवी आली होती. छडी सवयीने खाली सरकत गेली. डावा डोळा झाकून मुलगी उजव्याने ‘वाचत’ होती. सातवी ओळ झाली. आठवीही तिने एका दमात म्हटली, एकही अक्षर न चुकता.

‘बघा, सगळं आलं!’ आई म्हणाली.

चष्मेवाल्याने छडीच्या टोकाकडे पाहिले. त्याची छडी कोटाच्या बाहीवर टेकलेली होती. बाहीखाली माझी आठवी ओळ पूर्ण झाकलेली होती.

‘परत वाच बरं, बाळ,’ तो हळू म्हणाला. ‘छडी कशावर आहे?’

ती म्हणाली, ‘काका, मला छडी दिसत नाही. तुम्हीपण नीट दिसत नाही.’

‘अगं, मग सांगायचं नाही का!’ आई ओरडली.

‘सांगितलं असतं तर तू रडली असतीस.’

मग सगळे उघडकीस आले. शाळेत फळ्यावरचे ती बाकावरच्या शेजारणीच्या वहीतून उतरवून घेत होती. पाच आठवड्यांपूर्वी उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात विजा चमकू लागल्या होत्या. मग काळे धागे तरंगू लागले, आणि चार दिवसांपासून एका बाजूने सावली चढत होती. ती बोलली नाही, कारण डोळ्यांविषयी काहीही बोलले असते तर तपासणी झाली असती, आणि तपासणीत नंबर वाढला असता. भीती वाटत होती आंधळेपणाची, आणि त्याच भीतीने तिचे तोंड बंद ठेवले. हे गणित तेरा वर्षांच्या मुलीने मांडले खरे, पण त्यातला प्रत्येक आकडा तिला मोठ्यांनी पुरवला होता.

चष्मेवाल्याने दुकान उघडे टाकून दोघींना डोळ्यांच्या हॉस्पिटलात नेले. पडदा सुटला होता. शस्त्रक्रिया झाली, पण उजव्या डोळ्याला आता उजेड आणि हाताची हालचाल एवढेच कळते. विजा चमकल्या त्याच आठवड्यात ती डॉक्टरकडे गेली असती, तर डोळा वाचवणे बहुधा एका दुपारचे काम होते.

त्यानंतर अनेक वर्षे लोटली. उजेडाच्या पडद्यावर अक्षरे उमटवणारे यंत्र आले. मी नुसता टांगलेला राहिलो आणि माझा कागद पिवळा पडला. यंत्र बिघडले की मात्र अजूनही माझीच आठवण होते. अशाच एका दिवशी ती आली. बाई झाली होती. डाव्या डोळ्यापुढे जाड भिंग, आणि चालण्यात कसलीच घाई नाही.

‘काका, एक काम राहिलंय,’ ती म्हणाली. स्टूल ओढून ती वर चढली, तिने मला खिळ्यावरून काढले, पाठ पुढे करून पुन्हा टांगले आणि ती खुर्चीवर जाऊन बसली. म्हाताऱ्या चष्मेवाल्याने छडी उचलली.

उजव्या डोळ्याने ती म्हणाली, ‘दिसत नाही.’

डाव्याने तिने पाच ओळी वाचल्या. सहाव्या ओळीपाशी थांबून ती म्हणाली, ‘दिसत नाही.’

‘बरं,’ चष्मेवाला म्हणाला आणि त्याने तसे लिहून घेतले. कोणी रडले नाही. कोणी कान धरायला लावला नाही.

मित्रांनो, माझी विनवणी एवढीच आहे. जिथवर दिसते तिथवर वाचा आणि पुढे ‘दिसत नाही’ म्हणा. माझ्यापुढे तेही बरोबर उत्तर असते. आणि ते म्हणताना तुमच्या शेजारचे मोठे माणूस कपाळाला हात लावू लागले, तर त्याला ही हकिकत ऐकवा.

तिने पाठ केलेली माझी बाजू आता भिंतीकडे असते. कोटाची खुंटी तर चष्मेवाल्याने तेव्हाच, हॉस्पिटलातून परतल्यावर, उपटली होती. तिचे भोक अजून माझ्या शेजारी आहे.