पायलचं पहिलं पाणी

माशाचा काटा घशात अडकला की वर कोरडी भाकरी गिळायची, काटा खाली उतरतो. रहिमतपुरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. म्हणूनच चार वर्षांची पायल जेवताना रडायला लागली, तेव्हा आजीनं, बाळाबाईंनी, भाकरीचा तुकडा तिच्या तोंडात कोंबला. "गीळ माझी बाय. जाईल बघ आत्ता." पायलची आई दीक्षा बी.ए. झालेली, पण तीही लेकीच्या पाठीवरून हात फिरवत "गीळ, गीळ" म्हणत होती.

काटा खाली गेला तो अन्ननलिकेत रुतला. दुसऱ्या दिवशी ताप फणफणला, थुंकी गिळतानाही पोर कळवळू लागली. साताऱ्याच्या डॉक्टरांनी तडक सांगलीला धाडलं.

तिथं दुर्बीण घालून काटा निघाला, पण मागं भोक राहिलं. थोरले सर्जन म्हणाले, "छाती उघडून शिवून टाकू." दुर्बीण घालणारे धाकटे डॉक्टर अडून बसले. "सर, भोक बारीक आहे. नाकातून पोटात नळी सोडू, दूध त्यातून देऊ. तोंडानं थेंबसुद्धा नको. भरून येईल. ताप हटला नाही, तर उघडूच."

ताप उतरला. तरी दीक्षाचा तळवा लेकीच्या कपाळावरून हलेना. एवढीशी छाती, ती उघडायची म्हणजे काय, हे तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. सिस्टर हसून म्हणाली, "अहो, तुमच्या हातानंच ताप चढेल तिला!"

नळीतून पोट भरायचं, पण जीभ कोरडीच. पायल सारखी पाणी मागायची.

एका दुपारी दीक्षा औषधं घेऊन आली, तर आतून लेकीचा आवाज. "आजे, पानी दे की गं. आईला न्हाई सांगत."

दीक्षा लगबगीनं दारापाशी आली. दारातून पाहते तर सासूच्या हातात तांब्या. ती ओरडणार, तोच बाळाबाई उठल्या आणि तांब्या घेऊन तिच्यापुढं आल्या.

"ह्यो घे बाई, लांब कुठं तरी ठेव. माझ्या हाताचा मलाच भरवसा न्हाई. एकदा भरवून बसलीय."

'तुमच्यामुळंच झालं हे,' असं इतके दिवस दीक्षाच्या ओठांवर येऊन थांबत होतं. ते तिथंच विरलं. तिनं तांब्या घेतला. त्यानंतर बाळाबाई स्वतःसुद्धा खाली नळावर जाऊन पाणी प्यायच्या आणि पदरानं तोंड कोरडं करूनच वर यायच्या.

शेवटी फोटोत दिसणारं औषध पाजून एक्स-रे काढला. औषध कुठंही झिरपलं नव्हतं. थोरल्या सर्जननी फोटो उजेडात धरला आणि धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. "जिंकलास बाबा. अंदाज चुकला असता तर सोडलं नसतं तुला." दीक्षा दोघांच्याही पाया पडायला वाकली. "अहो, काय हे!" म्हणत दोघंही मागं सरले.

सिस्टरनं वाटीत पाणी आणि चमचा दिला. दीक्षानं तो सासूपुढं धरला.

"माझ्या हातानं नगं गं."

"तुमच्याच हातानं, आत्या."

बाळाबाईंनी चमचा काठोकाठ भरून उचलला, पाणी हिंदकळलं.

"आजे, सांडू नगंस की!" पायल ओरडली, आणि आ वासून बसली.