विनाथांबा

“आबा, तुम्ही थांबलात का? पळवा ना गाडी!” प्रीती ओरडली.

“लाल दिवा हाय,” राजानंद म्हणाले.

“अहो, ही रेस आहे! रेसमध्ये कुणी सिग्नल पाळतं का?”

राजानंदांनी टीव्हीच्या पडद्याकडे निरखून पाहिलं. त्यांची पांढरी मोटार पट्ट्याच्या अलीकडे शहाण्यासारखी उभी होती आणि दोन्ही अंगांनी लाल, निळ्या, पिवळ्या मोटारी सुसाट निघून जात होत्या. तेवढ्यात एकीनं मागून अशी धडक दिली, की पांढरी मोटार गिरकी खाऊन झाडावर आदळली. राजानंद खुर्चीतच मागे सरकले. हातातला गेमचा कंट्रोलर त्यांनी चटका बसल्यासारखा खाली ठेवून दिला.

“मागचा पिलेला हाय,” ते गंभीरपणे म्हणाले. “त्याचं लायसन काढून घ्या आधी.”

प्रीती पलंगावर लोळून हसायला लागली. आत भाकऱ्या थापणाऱ्या त्यांच्या पत्नीला, केशरबाईंनाही हसू फुटलं. या घरात भरदुपारी कुणी एवढं हसल्याला बरेच दिवस झाले होते.

राजानंदांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. शहागड-जालना हा त्यांचा रस्ता. त्यातला कुठला खड्डा कोणत्या पावसाळ्यात पडला, हेही ते सांगू शकत. सगळ्या नोकरीत गाडीला साधा ओरखडासुद्धा आला नाही, म्हणून निवृत्तीच्या दिवशी डेपोत शाल, श्रीफळ आणि टाळ्या मिळाल्या. संघपालनं, म्हणजे मुलानं, बत्तीस इंची टीव्ही आणून दिला. “बाबा, आता आराम करा,” तो म्हणाला. राजानंदांनी तेही काम नेमून दिल्यासारखं केलं. सकाळी आठला टीव्हीसमोर हजर, दुपारी जेवणाची सुट्टी, संध्याकाळी बातम्या संपल्या की ड्युटी संपली. काय पाहिलं असं विचारलं, तर सांगता यायचं नाही. महामार्गावरून एखाद्या गाडीचा गिअर कर्रकन वाजला की तेवढ्यापुरती मान वळायची.

चार वर्षं अशी गेली. यंदाच्या मे महिन्यात संघपालनं लेकीला महिनाभरासाठी शहागडला सोडलं. तो आणि सूनबाई दोघंही संभाजीनगरला नोकरी करत. सुट्टीत पोरगी फ्लॅटमध्ये एकटी कशी ठेवायची? बारा वर्षांच्या प्रीतीनं एका बॅगेत कपडे आणले आणि दुसरीत गेमचा काळा डबा. घरी नवा आला होता, हा जुना. आल्या आल्या तिनं टीव्हीच्या मागं डोकं घालून वायर जोडली आणि राजानंदांची ड्युटीच बंद पडली.

पहिले दोन दिवस ते नुसते बघत बसले. तिसऱ्या दिवशी ही रेस झाली. संध्याकाळी प्रीतीनं बापाला फोन लावला.

“पप्पा, आबा रेसमध्ये सिग्नलला थांबतात!”

पलीकडून संघपाल इतका हसला, की केशरबाईंना ओट्यापाशी ऐकू आलं. मग तो म्हणाला, “अगं, त्यांना बसची गेम दे. बस चालवायची गेम असते, थांबे-बिंबे सगळं असतं त्यात.”

मोबाइलच्या नेटवर ती गेम उतरायला पुरता दीड दिवस लागला. पडद्यावरची रेघ मुंगीच्या पावलांनी पुढं सरकत होती आणि राजानंद दर तासाला येऊन विचारत होते, “किती राह्यली?”

शेवटी एका सकाळी, चहा झाल्यावर, बस आली.

राजानंद खुर्चीच्या कडेवर येऊन बसले. पाठ आपोआप ताठ झाली. आधी त्यांनी डावा आरसा बघितला, मग उजवा. प्रीतीनं कुठलं बटण कशाचं ते सांगितलं, ते त्यांनी एकदाच ऐकलं. प्रवासी चढले, दार लागलं. बस मात्र जागची हलेना.

“आबा, चला ना.”

“डबल बेल कुठंय?”

“कसली बेल?”

“कंडक्टरनं दोनदा बेल देल्याबिगर गाडी काढायची न्हाई. मागं कोण चढून राह्यलं, कोण लोंबकळून राह्यलं, मला काय दिसतं?”

प्रीतीनं क्षणभर विचार केला, मग आतून स्टीलचा पेला आणि चमचा घेऊन आली. टण् टण्. राजानंदांनी गिअर टाकला आणि कुठल्याशा परदेशातल्या गुळगुळीत रस्त्यावरून निळी बस निघाली. इतकी अलगद, की त्या चित्रातल्या माणसांच्या हातातला चहासुद्धा हिंदकळला नसता.

त्या दिवसापासून घराचं रूप पालटलं. शेजारची बेबीनंदा निवडायची डाळ सुपात घेऊन आली आणि दारातच थबकली.

“भाऊ, हे काय करून राह्यले?”

“जालना गाडी आहे,” प्रीतीनं परस्पर सांगितलं. “बसा मावशी, जागा आहे.”

बेबीनंदा बसली. दुसऱ्या दिवशी तिच्या दोन्ही सुना आल्या, तिसऱ्या दिवशी समोरचे त्रिंबकराव आले. ते जन्मभर राजानंदांच्याच गाडीनं अंबडच्या बाजाराला गेलेले. प्लॅस्टिकच्या खुर्च्या दोन-दोन करून रांगेत लागल्या, मध्ये जायला वाट ठेवली. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली टीव्ही, टीव्हीसमोर ड्रायव्हर आणि मागं प्रवासी. पडद्यावर उंच उंच काचेच्या इमारती दिसायच्या आणि राजानंद आपल्या जुन्या रस्त्यावरचे थांबे पुकारायचे, “वडीगोद्री! वडीगोद्रीवाले जल्दी उतरा!”

“वडीगोद्रीनं लई प्रगती केली बरं का,” त्रिंबकराव म्हणायचे.

सगळे खिदळायचे. दर फेरीला गेममध्ये चांदण्या मिळत. वेळेवर थांबा घेतला, धक्का बसला नाही, सिग्नल मोडला नाही, तर पाच. राजानंदांना दर वेळी पाच मिळत. प्रीतीला कधी तीनच्या वर मिळाल्या नव्हत्या.

एक केशरबाई तेवढ्या बसल्या नाहीत. त्या चहा आणून देत, मुरमुरे देत, स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून बघत, हसतही. पण खुर्चीवर बसत नसत.

“आजी, ये ना. खिडकीची जागा ठेवलीय.”

“मी न्हाई बसत बाई तुझ्या आबाच्या गाडीत.”

हे त्या हसूनच म्हणाल्या, पण राजानंदांचे हात कंट्रोलरवर किंचित थांबले. प्रीतीच्या ते नजरेतून सुटलं नाही. दुपारी गच्चीवर बाजरीच्या खारोड्या घालताना तिनं आजीला गाठलं.

“आजी, खरं सांग. का नाही बसत?”

केशरबाई खारोड्या घालता घालताच बोलल्या.

“तुझा बाप दीड वर्साचा व्हता. टेंभुर्णीला माझ्या भावाचं लग्न. एकुलता एक भाऊ. ह्यांना सुट्टी भेटली न्हाई. म्हणले, माझ्याच गाडीनं ये, जालन्याला उतरून पुढची गाडी धर. मी पोराला कडेवर घेऊन फाट्यावर हुबी राह्यले. नवं लुगडं, हातात आहेराची पिशवी. गाडी आली. ह्यांनी मला बघितलं, मी ह्यांना बघितलं. अन् गाडी निघून गेली.”

“थांबवलीच नाही?”

“फुल व्हती म्हणे. मागली गाडी दोन तासानं आली. मी पोचले तर लग्न लागून गेल्तं, पंगती उठत व्हत्या. भाऊ म्हणला, अक्का, लई वाट बघितली गं तुझी.”

“मग आबा काय म्हणाले?”

“काय म्हणतील? ‘गाडी फुल होती. घरच्या माणसासाठी थांबवली असती, तर बाकीचे काय म्हणले असते?’ बराबरच हाय त्यांचं. पण मी काय परत त्यांच्या गाडीत पाय ठेवला न्हाई. जायचं असलं की मागल्या गाडीनं जायची.” केशरबाईंनी पिठाचा हात झटकला. “भांडण न्हाई, तंटा न्हाई. संसार झाला ना सुखाचा. पण ते एक तसंच राह्यलं बघ.”

पोटात ठेवणं हा काही प्रीतीचा स्वभाव नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भरलेली होती. सगळ्या खुर्च्या लागलेल्या, बेबीनंदाची धाकटी सून तर पलंगावर उभी. गेममधली बस एका सिग्नलला थांबली होती आणि प्रीतीच्या तोंडून निघून गेलं, “आबा, तुम्ही आजीला फाट्यावर सोडून गेला होता?”

बेबीनंदाच्या सुपातली डाळ निवडायची थांबली. त्रिंबकराव उगाच खोकले. चौकटीत उभ्या केशरबाई लगबगीनं म्हणाल्या, “पोरी, गप! कवाचं काय काढून बसली!”

दिवा हिरवा झाला. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. राजानंद पडद्याकडे बघत होते, पण बस हलत नव्हती. दिवा पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, तेव्हा त्यांनी गिअर टाकला. पुढचा चौक गेला, थांबा गेला. तिथं न थांबण्याची राजानंदांची ही पहिलीच वेळ. खाली लाल अक्षरं चमकली.

“आबा, थांबा सुटला! चांदणी गेली एक!”

“जाऊ दे.”

गाव संपलं. दोन्हीकडे शेतं लागली, रस्ता मोकळा झाला. तिथं ना पाटी होती, ना शेड. राजानंदांनी आरसा बघितला, बस डाव्या कडेला घेतली आणि थांबवली. दार उघडलं. चित्रातले प्रवासी इंग्रजीत कुरकुरायला लागले. आणखी एक चांदणी गळाली.

“कोण उतरून राह्यलं हितं?” त्रिंबकरावांनी विचारलं.

“उतरायचं न्हाई कुणी. चढायचंय.” राजानंदांनी मान वळवली नाही. आवाज मात्र नेहमीचा राहिला नव्हता. “संघपालची माय, गाडी थांबवली हाय.”

केशरबाई जागच्या हलल्या नाहीत. पदराला हात पुसत राहिल्या, ओले नसलेले हात.

“फुल हाय की,” त्या शेवटी म्हणाल्या.

“असू दे फुल.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणू दे.”

तिसरी चांदणी गेली. बेबीनंदा सूप काखेत मारून ताडकन उठली. “या बाई, माझ्या जागेवर बसा. मला उतरायचंच हाय, गॅसवर दूध ठेवून आले.” दूध वगैरे काही ठेवलेलं नव्हतं, हे सगळ्या खोलीला कळत होतं.

केशरबाई आल्या. खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं, बसमध्ये चढल्यावर तोल सावरत चालावं तशा, एकेका पाठीला हात लावत आल्या आणि ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर बसल्या.

“कुठं जायचं?” प्रीतीनं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

“टेंभुर्णी.”

राजानंदांनी दार लावलं. “नीट बस,” ते म्हणाले. “लग्न लागायच्या आत पोचवतो.”

केशरबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते बेबीनंदालाही सांगता आलं नसतं, आणि ती तर त्यांच्या तोंडाकडेच टक लावून होती. पुढं अर्धा तास बस कुठं कुठं गेली, याला काही हिशेब राहिला नाही. एका पुलावरून समुद्र दिसला, तेव्हा केशरबाई म्हणाल्या, “एवढं पाणी तर गोदावरीला बी न्हाई!” एका वळणावर त्या घाबरून राजानंदांच्या खांद्याला धरून राहिल्या. शेवटी पडद्यावर निकाल लागला.

“आबा! शून्य!” प्रीती किंचाळली. “एकपण चांदणी नाही! माझ्यापेक्षा खाली आलात तुम्ही!”

राजानंद मोठ्यानं हसले. ते हसणं ऐकून रस्त्यानं जाणारा एक माणूस दारात डोकावून गेला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा उघडणार, म्हणून दोघं प्रीतीला पोचवायला निघाले. शहागडच्या थांब्यावर संभाजीनगरची गाडी लागली. ड्रायव्हर तरणा होता. त्यानं राजानंदांना ओळखलं, हात जोडून जय भीम घातला.

“काका, पुढं केबिनमंदी या ना. माझ्या बाजूला बसा.”

राजानंदांनी पुढच्या काचेकडे पाहिलं. काच मोठी आणि स्वच्छ होती, पलीकडे काळा रस्ता सरळ गेला होता.

“न्हाई बाबा,” ते म्हणाले. “मी मागं बसतो, हिच्याजवळ.”

प्रीती पुढच्या बाकावर खिडकीशी बसली. तिच्या मागं केशरबाई आणि राजानंद. गाडी सुटली. पहिले काही मैल प्रत्येक वळणाला राजानंदांचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जात होता. केशरबाई बघत होत्या. पाचोडच्या पुढं केव्हातरी पाय दाबायचा थांबला. चालत्या गाडीत त्या माणसानं जन्मात कधी डोळे मिटले नव्हते. आता मान कलली आणि केशरबाईंच्या खांद्यावर येऊन टेकली.

कंडक्टर मागून तिकिटं काढत आला. “तिकीट बोला, तिकीट! काका—”

केशरबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल बाबा,” त्या कुजबुजल्या. “ड्रायव्हर झोपलेत.”

कंडक्टरनं दचकून आधी पुढं बघितलं, मग त्या दोघांकडे. त्यानं आवाज खाली घेतला आणि पुढच्या बाकाकडे सरकला.