रंजिताचे भरलेले गाल

मुलांनो, थोडा वेळ असं समजा की तुम्ही दहा वर्षांचे आहात. आर्णीच्या पुढं रस्त्यालगत एक आश्रमशाळा आहे, तिथं तुम्ही राहता. दिवाळी झाल्यावर तुमची आई ऊस तोडायला कोल्हापूरकडे गेली. आता होळी आली, आणि आज ती भेटायला येणार आहे. तुम्ही सकाळपासून फाटकाचे गज धरून उभे आहात. ऑटोतून उतरणारी प्रत्येक बाई आधी तिच्यासारखी वाटते, मग वाटत नाही.

एवढं समजलं, तर तुम्हाला रंजिता समजली.

आता मागं वळून स्वयंपाकघराच्या दारात कणीक मळत बसलेल्या बाईकडे बघा. ही नलूमावशी. गोष्ट खरं तर तिची आहे.

एकोणीस वर्षं ती या शाळेत स्वयंपाक करते. रोजच्या चारशे पोळ्या. नवरा कधीच गेला. मुलगा, संघर्ष, पुण्याला कंपनीत लागला. दर रविवारी त्याचा फोन येतो. ती विचारते, काय जेवला? तो म्हणतो, जेवलो. काय जेवला ते कधी सांगत नाही. आपल्या हातचं कुणाच्या तरी अंगी लागलेलं एकदा डोळ्यांनी दिसावं, असं तिला फार वाटायचं. वाढायचं शंभर मुलींना, आणि बघायला वेळ कुणाकडे?

रंजिता आली तेव्हा नुसती काडी होती. नलूमावशी तिला रोज पातेल्याच्या तळाचं घट्ट वरण वाढायची. आणि गेल्या चार दिवसांत खरोखरच पोरीचे गाल वर आले. मावशी हरखून गेली. शाळेच्या शिपायाला, दूधवाल्याला, ज्याला त्याला दाखवून झालं.

दुपारी धनीबाई आली. "याडी," म्हणत रंजितानं तिच्या पोटात तोंड खुपसलं. बंजारा मुलं आईला याडी म्हणतात. धनीबाईनं लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बघतच राहिली.

"बाई, मी हिले वाळली काडी ठेवून गेलती," ती नलूमावशीला म्हणाली. "आमच्या तांड्यावरची म्हैस पाच महिन्यांत एवढी भरत नाही."

"म्हशीले पोळ्या लाटून कोण देते?" नलूमावशी म्हणाली. दोघी हसल्या. इतकं सुख मावशीला कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

धनीबाईला मुकादमानं आठ दिवस दिले होते. लेकीला घेऊन तांड्यावर जायचं, होळीच्या गाण्यांत दोघींनी उभं राहायचं, असं तिनं ऊस तोडताना रोज मनात ठरवलं होतं. ऑटोवाल्याला तिनं थांबवूनच ठेवलं होतं. निघण्याआधी तिनं पिशवीतून नवे पैंजण काढले आणि रंजिताचे मोजे उतरवले. पैंजण काही बसेना. मोज्याच्या रबराचा वळ पायात खोल रुतला होता.

"पायही भरले," धनीबाई कौतुकानं म्हणाली.

नलूमावशी मदतीला वाकली. पैंजणाची कडी ओढताना तिचा अंगठा रंजिताच्या नडगीवर टेकला. तिनं हात काढला, तर तिथं खड्डा पडलेला. तो भरून येईना. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा खड्डा.

कणकेत पाणी जास्त झालं की असंच होतं. बोट दाबलं तर जागा वर येत नाही. नलूमावशीनं हे एकोणीस वर्षं पाहिलं होतं, पण माणसाच्या अंगावर कधी पाहिलं नव्हतं.

हातही सुजलेत का ते बघायला तिनं रंजिताचे हात मागितले. रंजितानं मुठी मिटल्या. मावशीनं हळूहळू एकेक बोट उघडलं. बोटांच्या बेचक्यांत खरूज झाली होती, आणि खाजवून खाजवून झालेल्या फोडांवर पिवळ्या खपल्या धरल्या होत्या. काही जुन्या, काही अजून ओल्या. अंगात पाणी साठतंय तर लघवीतही फरक पडला असेल, असं वाटून मावशीनं तिला बाजूला घेऊन लघवीचा रंग विचारला. रंजिता म्हणाली, कोऱ्या चहासारखा.

"काहून सांगितलं नाही वो बाई?"

"खरूज झाली तं घरी पाठवते," रंजिता म्हणाली. "अन् घरी तं कोनीच नोहोतं."

नलूमावशी गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. मायलेकी हसत तांड्यावर गेल्या असत्या, आणि भरलेल्या गालांचं श्रेयही तिच्याच पदरात राहिलं असतं.

"धनीबाई," ती म्हणाली, "हे माह्या पोळ्यांनी नाही भरलं. हे पानी आहे. होळी राहू द्या, दवाखान्यात चला."

धनीबाईचा चेहरा उतरला. आताच तर तुम्ही म्हणत होत्या, असं ती म्हणाली, आणि दुसऱ्याच्या लेकरावर अशी नजर लावू नये, असंही म्हणाली. नलूमावशीनं धनीबाईचा अंगठा धरला आणि लेकीच्या नडगीवर दाबला. ऊस तोडून घट्टे पडलेल्या त्या अंगठ्याचा खड्डा बराच वेळ तसाच राहिला. धनीबाईनं पैंजण पिशवीत ठेवले.

ऑटो तांड्याकडे न वळता यवतमाळच्या मोठ्या दवाखान्याकडे गेला.

डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं, ते तुम्हालाही सांगतो. खरजेचा किडा डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक असतो. तो कातडीत घर करतो, म्हणून खाज सुटते. खाजवलं की कातडी फाटते आणि नखांतले जंतू आत शिरतात. मग पू होतो. कधी कधी गोष्ट तिथंच थांबत नाही. फोड सुकायला लागतात, आपल्याला वाटतं बरं झालं, आणि दोन-तीन आठवड्यांनी मूत्रपिंडं सुजतात. त्यांना अंगातलं पाणी नीट बाहेर टाकता येत नाही. ते चेहऱ्यावर उतरतं, पायांवर उतरतं. रक्तदाब चढतो. रंजिताचा चढलाच होता. आणखी दोन दिवस गेले असते तर कठीण होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मीठ बंद झालं. पाणी मोजून मिळू लागलं. शाळेत सगळ्या मुलींना एकाच दिवशी मानेपासून पायापर्यंत औषध लावलं. नलूमावशीनं अंगणात चूल पेटवून सगळ्यांच्या चादरी उकळल्या. आणि एक दिवसाआड ती बिनमिठाची भाकर, बिनमिठाची भाजी डब्यात घालून आर्णीहून एसटीनं यवतमाळला जाऊ लागली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती एकाच मुलीसाठी वेगळं रांधत होती.

सूज उतरली. गालही उतरले. सातव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी धोका टळल्याचं सांगितलं. रंजिता शाळेत परत जाणार होती, तपासणीला नलूमावशी आणणार होती, आणि धनीबाईला दुसऱ्या सकाळी कोल्हापूरची गाडी धरायची होती. होळी तर होऊनच गेली होती.

त्या संध्याकाळी दीपमाला सिस्टरनं खरजेच्या औषधाची ट्यूब आणून दिली. लेकीजवळ निजता, तुम्हालाही लावावं लागेल, असं ती धनीबाईला म्हणाली.

नलूमावशी डबा घेऊन वॉर्डाच्या दाराशी आली, ती तेवढ्यात. तिला आतलं दिसलं आणि ती तिथंच थांबली.

धनीबाई लेकीच्या उतरलेल्या तोंडाकडे बघत म्हणाली, "गेले ना वो तुहे गाल."

रंजितानं ट्यूब उघडली, आईचा उजवा हात मांडीवर घेतला आणि बोटांच्या बेचक्यांत औषध लावायला लागली. एकेक बोट, सावकाश. मग डावा हात. दहा बोटं झाली. धनीबाई हात काढून घेऊ लागली, तेव्हा रंजितानं तो घट्ट धरला, आणि पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली.